अजून डॉक्टर नाही

सेतूरावांना त्यांच्या कॉलेजाने फसवलं. आडवळणाने बोलायची मला सवय नाही, म्हणून पहिल्याच ओळीत लिहून टाकलं. कॉलेज कुंभकोणमच्या बाहेर आहे, खासगी आहे. त्याचं नाव मी इथे घालत नाही. ज्यांनी फसवलं त्यांना मराठी वाचता येत नाही, पण त्याची त्यांनी काळजी करू नये. तमिळमध्ये वाचून दाखवायला मी स्वतः जाणार आहे.

मी पितळी दिव्यांचा व्यापारी. शाळा लवकर सुटली, दुकान स्वतःच्या हिमतीवर उभं केलं, आणि समईच्या भावावरून मी समोरच्याशी किती वेळ भांडू शकतो हे आमच्या पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. सेतूमाधवराव माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. तंजावरच्या मराठे राजांबरोबर आमच्या दोघांचेही पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. रस्त्यावर आम्ही तमिळ बोलतो, उंबरठ्याच्या आत मराठी. शेजारपाजारचे तमिळ लोक आम्हांला ‘रायर’ म्हणतात.

माझं हे लिहिणंही त्यांच्यामुळेच. पुण्याच्या एका व्यापाऱ्याला मी फोनवर आमची घरातली मराठी ऐकवली की तो हसायचा. “कृष्णराव, तुम्ही बखरीतून बोलताय का?” हसणारं गिऱ्हाईक भाव पाडून मागतं, हा माझा अनुभव. मी तावातावाने सेतूरावांच्या ओसरीवर गेलो.

“अण्णा, मजला पुण्याची मराठी शिकव.”

“कशाला?” ते म्हणाले.

हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. कोणीही काहीही विचारलं की आधी ‘कशाला?’ मी कारण सांगितलं. ते खूश झाले. “हे कारण खरं आहे,” म्हणाले, आणि पुढची दोन वर्षं मला पत्रं लिहायला लावली. पुण्याचा व्यापारी हसायचा थांबला. भाव मात्र त्याने तरीही पाडलाच, पण तो दोष मराठीचा नाही.

उंच, किडकिडीत माणूस. अर्ध्या बाहीचा पांढरा शर्ट, खिशाशी शाईचा कायमचा डाग, आणि सायकल रस्त्याच्या अगदी मधोमध. मागून बस हॉर्न वाजवत असली तरी हे आपल्या लयीत. कॉलेजात इतिहास शिकवायचे. ते कामाला लागले तेव्हा एम.ए. आणि वर एम.फिल. असलं की कॉलेजात शिकवता येत असे. नंतर नियम बदलला, एम.फिल. पुरेना. कॉलेजचे मालक, ज्यांना इकडे कॉरस्पॉन्डंट म्हणतात, त्यांनी सेतूरावांना बोलावून सांगितलं, “रायर, नोकरी सांभाळून पीएच.डी. करा. झाली की तुम्हांला कायम करतो.” ह्या एका वाक्यावर सेतूरावांनी आपली उमेदीची वर्षं लावली.

विषय घेतला मराठे राजांनी यात्रेच्या वाटेवर बांधलेल्या अन्नछत्रांचा. मोडी त्यांना वाचता यायची. सुट्टी पडली की तंजावरला जाऊन जुनी दप्तरं चाळायची, छत्रात कोणत्या दिवशी किती तांदूळ शिजला, कोणाला ताक मिळालं, कोणाला नाही, हे उतरवून आणायचं. संध्याकाळी ओसरीवर मला सांगायचे, “किट्टू, ह्या छत्रात बाळंतिणीला वेगळं तूप मिळत होतं. ठाऊक आहे तुजला?” मला कशाला ठाऊक असणार! पण त्या तुपाचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असा असायचा, जणू आताच कोणी पानात वाढलं आहे.

आमच्या गल्लीत पदव्यांचा सल्ला त्यांच्याकडेच. मुलगा बारावी झाला की आईबाप त्याला हाताला धरून त्यांच्या ओसरीवर आणायचे. समोरच्या कमलामामी एकदा पुतण्याला घेऊन आल्या. “सार, ह्याला सगळ्यांत मोठी डिग्री कुठली ते सांगा. तीच करू दे.”

“कशाला?”

“मोठी आहे म्हणून.”

सेतूरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं. “मामी, ह्याच्या दुकानात सगळ्यांत मोठा दिवा आहे तो तुमच्या देवघरात मावेल?” मामी म्हणाल्या, नाही. “मग?”

मग त्यांनी समजावलं. स्वामिमलईला पंचधातूच्या मूर्ती ओततात ते त्या मुलाने पाहिलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर नदीच्या मातीचा लेप, मग मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. “एम.ए. म्हणजे दुसऱ्यांनी ओतलेल्या मूर्ती ओळखायला शिकणं. कोणत्या काळातली, चांगली की वाईट. एम.फिल. म्हणजे उस्तादाच्या शेजारी बसून मेण हाताळायला शिकणं, लहानशी मूर्ती करून पाहणं. पीएच.डी. म्हणजे आजवर कोणी केली नाही ती मूर्ती स्वतः ओतणं.”

“आणि बिघडली तर?” मुलाने विचारलं.

“साचा फोडल्याशिवाय कळत नाही. फोडणारे परीक्षक परगावचे. तू फक्त समोर उभं राहायचं. त्यालाच वायवा म्हणतात.”

मामींना डॉक्टरची आशा सुटेना. “म्हणजे तो इंजेक्शन देणार नाही?” सेतूरावांनी हसू दाबून सांगितलं की इंजेक्शन देणारा एम.डी. वेगळा, त्याचा रस्ताच वेगळा. डी.लिट. पीएच.डी.च्याही पुढची. आणि मुलाला उद्या नोकरीच हवी असेल तर एम.बी.ए. किंवा एम.टेक. करून तो सुखी होईल, संशोधनाचा नाद लावून घेऊ नये. मुलगा एम.टेक. झाला. मामी अजून म्हणतात, रायरांनी त्याची डॉक्टरकी घालवली.

मानद डॉक्टरेट काय असते ते मला माझ्या खर्चाने कळणार होतं, ते त्यांनी वाचवलं. दुकानात सफारी सूट घातलेला एक गृहस्थ आला. माझी समाजसेवा पाहून एका परदेशी विद्यापीठाने मला डॉक्टरेट द्यायचं ठरवलं आहे म्हणाला. चेन्नईच्या हॉटेलात समारंभ, झगा, टोपी, फोटो. झग्याचं भाडं वेगळं. मी सवयीने घासाघीस सुरू केली आणि तो झरझर खाली येऊ लागला. मला वाटलं, जिंकतो आहे. शेवटी टोपी फुकट मिळवून मी सेतूरावांकडे धावलो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “किट्टू, मानद पदवी खोटी नसते. खरं विद्यापीठ एखाद्याच्या कामाला हात जोडतं, ती मानद. घेणारा शहाणा असेल तर नावाआधी डॉक्टर लावत नाही. पण तुजला एक विचारू? तुझ्याकडे कोणी समई मागायला आला आणि तू निम्म्या भावाला चटकन तयार झालास, तर ती समई कसली?”

“भरताची. हलक्या मिश्रधातूची.”

“वरून?”

“मुलामा.”

“मग मजला कशाला विचारतोस?”

मी दुकानात गेलो आणि त्या सफारीवाल्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ते स्वतः मात्र ह्या बाबतीत अतीच काटेकोर. प्रबंध सादर केला त्या दिवशी वहिनींनी पुरणपोळ्या केल्या. दुसऱ्या दिवसापासून गल्ली त्यांना डॉक्टर म्हणू लागली. दूधवाला ओरडायचा, “डॉक्टर सार, दूध!” हे सायकल थांबवून, एक पाय टेकून, त्याला सांगायचे, “इन्नुम इल्लै.” अजून नाही. इस्त्रीवाल्याला, देवळाच्या गुरुजींना, पोस्टमनला, सगळ्यांना तेच. एकदा मी वैतागून म्हणालो, “अण्णा, म्हणू दे ना. काय जातं तुझं?”

“अजून वायवा झाला नाही.”

“होणारच आहे की.”

“होईल तेव्हा तूं म्हण. तूं तर ओरडूनच म्हणशील.”

त्यांच्या मुलीच्या, वैदेहीच्या लग्नात हे टोकाला गेलं. आमच्याकडे लग्नपत्रिकेत प्रत्येक नावापुढे पदव्या छापतात. वर, वधू, दोघांचे बाप, काका, मामा, सगळ्यांच्या. पदवी चालू असेल तर ती कंसात. दुसऱ्याची पत्रिका आली की सेतूराव मुहूर्त शेवटी बघायचे, आधी पदव्या वाचायचे. “हा कंस मागच्या लग्नातही होता,” असं हळूच म्हणायचे.

वैदेहीच्या पत्रिका व्याह्यांनी छापून आणल्या. जाड, सोनेरी कडेच्या. उघडून पाहतात तर ‘डॉ. सेतूमाधव राव’, आणि शेवटी पीएच.डी., कंसाशिवाय. व्याही बिचारे चांगल्या मनाने करून बसले होते. सेतूरावांनी गठ्ठा ओसरीवर ओढला, पेन काढलं आणि प्रत्येक पत्रिकेवरचं ‘डॉ.’ खोडायला बसले. मागचं पीएच.डी. खोडलं नाही. त्याच्या दोन्ही बाजूंना हाताने कंस काढले.

वहिनी दारात येऊन उभ्या. “ह्यांस कोण सांगेल! लोक म्हणतील, पोरीच्या पत्रिकेवर शाई सांडली.”

“म्हणू दे.”

“व्याह्यांना काय वाटेल?”

“खोट्या माणसाची मुलगी आली असं वाटायला नको.”

“किट्टू भावजी, तुम्ही तरी सांगा.”

मी एक पत्रिका उचलली. रेघ सरळ होती, पट्टीने मारल्यासारखी. कंसही नेटके. मला राग आला होता आणि तरी मी गठ्ठ्यातल्या पत्रिका एकेक उलगडून त्यांच्यापुढे ठेवत बसलो. दुपारभर ते खोडत होते आणि प्रत्येक वेळी शाई वाळेपर्यंत फुंकर मारत होते. त्या लग्नाला जे आले त्यांतल्या कोणाच्या घरी ती पत्रिका अजून असेल तर पाहून घ्यावं.

बाहेरच्या परीक्षकांपैकी एकाने काही दुरुस्त्या सुचवल्या होत्या. सेतूरावांनी त्या करून दिल्या. गाईडने सही करून कागद विद्यापीठाला पाठवला की वायवाची तारीख लागणार. गाईड त्यांच्याच कॉलेजातले प्राध्यापक. सही आज होईल, उद्या होईल, असं चाललं होतं, आणि त्यातच कॉलेजची तपासणी आली.

तपासणीला बाहेरून कमिटी येते. कॉलेजात किती डॉक्टर आहेत ते पाहते. कॉरस्पॉन्डंटनी रातोरात सगळ्या विभागांत नवे बोर्ड लावले. इतिहास विभागाच्या बोर्डावर ‘डॉ. सेतूमाधव राव’. सकाळी सेतूरावांनी ते पाहिलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं. त्यांना उत्तर मिळालं, “रायर, आजचा दिवस गप्प बसा.”

ते गप्प बसलेही असते, असं मला वाटतं. कोणी विचारलंच नसतं तर. पण कमिटीतल्या एका बाईंनी बोर्ड वाचून सहज विचारलं, “डॉक्टर राव, तुमच्या प्रबंधाचा विषय काय?” आणि ह्या माणसाने दूधवाल्याला द्यायचं तेच उत्तर त्यांना दिलं. “अजून नाही, मॅडम. वायवा व्हायचा आहे.” एवढं सांगून वर विषयही सांगितला, छत्रांचा, बाळंतिणीच्या तुपासकट. बाई म्हणे रंगून ऐकत राहिल्या. मागे उभे असलेले कॉरस्पॉन्डंट काय करत होते ते मला कोणी सांगितलं नाही, पण मी कल्पना करू शकतो.

पुढच्या जूनमध्ये सेतूरावांना कामावर यायला सांगितलं गेलं नाही. इतक्या वर्षांत त्यांना कायम केलंच नव्हतं, तेव्हा काढून टाकायचीही गरज पडली नाही. नुसतं बोलावलं नाही. आणि गाईडची सही थांबली ती थांबलीच.

मी गाईडच्या घरी गेलो. पट्टीश्वरमच्या रस्त्यावर नवं घर, दारात माझ्याच दुकानातून नेलेली घंटा. मला बरं वाटलं, ओळख निघाली. मी आयुष्यभर माणसांशी सौदे केले आहेत. समोरच्याला काय हवं ते कळलं की पुढचं सोपं असतं. पण ह्या माणसाला काही नकोच होतं. त्याला फक्त घाबरायचं होतं.

“रायर, मी काय करू? मला अजून नोकरी करायची आहे. कॉरस्पॉन्डंटना भेटा.”

“सही तुमची आहे. त्यांची नाही.”

“भेटा एकदा,” एवढंच तो म्हणाला आणि घरातल्यांना माझ्यासाठी कॉफी आणायला सांगितली. मी ती प्यायलो नाही. एवढाच माझा विजय.

कॉरस्पॉन्डंट मात्र गोड बोलले. त्यांच्या मते मामला सोपा होता. सेतूरावांनी लिहून द्यायचं की त्या दिवशी कमिटीसमोर आपण चुकून बोललो, गोंधळलो होतो, बोर्डावरचं बरोबर होतं. मग सही होईल, वायवा होईल, नोकरीही परत.

मी घरी परतताना वाटेत दोनदा हा प्रकार मनाशी घोळवला तेव्हा कुठे नीट समजला. डॉक्टर होण्यासाठी सेतूरावांनी लिहून द्यायचं होतं की आपण आधीपासून डॉक्टर आहोत.

मी त्यांना सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी गळ घातली. “अण्णा, लिहून दे. एक कागद. छत्रांचं सगळं काम वाया जाईल नाहीतर.”

ते झोपाळ्यावर बसले होते. पायाने झोका थांबवला. “किट्टू, पितळ सोनं म्हणून विकशील?”

“नाही.”

“गिऱ्हाईक आपणहून म्हणालं, हे सोनंच आहे, तर?”

मी विचार केला. “गप्प बसेन.”

ते मोठ्याने हसले. आत वहिनींनी भांडं ठेवल्याचा आवाज आला. “म्हणून तुझं दुकान चालतं,” ते म्हणाले, “आणि माझा वायवा होत नाही.”

मी चिडलो. म्हणालो, “तुझ्या ह्या खरेपणाचं कोणी लोणचं घालणार नाही. पोरं तुझ्याकडे पदव्या विचारायला येतात आणि तूच अडकून बसलास.” बराच बोललो. माझा आवाज चढला की गल्ली खिडक्यांत येते, तशी आली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जेवून जातोस? डांगर केलं आहे.” मी जेवलो. रागात माझी भूक वाढते.

नोंदणीची मुदत संपली. वाढवून घ्यायलाही गाईडचीच सही लागते. विद्यापीठात अर्ज, तक्रार, दुसरा गाईड, सगळं करून झालं. प्रत्येक खिडकीवर त्यांना दुसरी खिडकी दाखवली गेली. मला कुठल्याही खिडकीवर भांडू दिलं नाही. “तूं ओरडशील,” म्हणायचे, “आणि आपण खरे असून खोटे दिसू.” ह्या बाबतीत मात्र मी त्यांचं ऐकायला नको होतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ओसरीवरच. कमलामामींची नवी सून मैथिली पीएच.डी.ला प्रवेश घेणार होती. विचारायला आली होती की आधी एम.फिल. करायला हवं का.

“आता एम.फिल. बंद झालं, अम्मा. एम.एस्सी.नंतर सरळ पीएच.डी.”

“बरं झालं ना, सार? एक पायरी कमी.”

“बरंच झालं.” ते म्हणाले. “त्या पायरीवर जे उभे होते त्यांना कोणी सांगितलं नाही, एवढंच.”

मग तिला बजावलं, “विषय नंतर निवड. आधी गाईड निवड. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना जाऊन भेट. किती जणांचा वायवा झाला ते विचार.” मैथिली जायला उठली. “थँक्स, डॉक्टर सार,” म्हणाली. मी दुकानाला निघालो होतो, चपला घालता घालता थांबलो. मला वाटलं, आता तरी सोडून देतील.

“अजून नाही, अम्मा,” ते म्हणाले, आणि तिचं विसरलेलं छत्रीचं कव्हर उचलून तिच्या हातात दिलं.

त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

आमच्या गावात माणूस गेला की ओळखीचे लोक श्रद्धांजलीचे पोस्टर लावतात. अंत्ययात्रा निघाली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी भलामोठा फ्लेक्स लागलेला होता. कॉलेजाने लावलेला. शोकाकुल कॉरस्पॉन्डंट, शोकाकुल प्राचार्य, शोकाकुल गाईड, सगळ्यांची नावं. मधे सेतूरावांचा फोटो, शर्टावरचा शाईचा डाग पुसून काढलेला. खाली मोठ्या अक्षरांत, ‘आमचे लाडके प्राध्यापक डॉ. सेतूमाधव राव, एम.ए., एम.फिल., पीएच.डी.’

कंस नव्हता.

वहिनी दारातून बघत होत्या. त्यांनी मला एवढंच विचारलं, “किट्टू भावजी, आता हे कोण खोडणार?”

मी खोडणार नाही. शिडी माझ्याकडे आहे, काळा रंगही आहे. पण हे काम माझं नाही. कॉरस्पॉन्डंट साहेब, गाईड साहेब, तुम्ही दोघांनी उत्तर द्यायचं आहे, बंद खोलीत नाही, आमच्या गल्लीच्या तोंडाशी, त्या फ्लेक्सखाली उभं राहून. सेतूराव डॉक्टर होते, तर त्यांची पदवी आणून वहिनींच्या हातात द्या. नव्हते, तर शिडीवर चढा, आणि तुमच्या हाताने ते ‘डॉ.’ खोडा. सरळ रेघ मारा, ते मारायचे तशी, आणि शाई वाळेपर्यंत वर उभे राहा. दोन्हींतलं एक. मी आयुष्यभर घासाघीस केली. ह्यात करणार नाही. बोला.